घुबडाची ड्युटी

११ जानेवारी

ए घुबडा,

दचकलीस ना? या नावाने हाक मारणारं आता तुझ्या आसपास कुणी उरलं नसणार. सदा रात्रपाळी मागून घेणारी, आणि काचेच्या पेटीतल्या कुठल्या बाळाचा श्वास अडला ते पाठमोरी असतानाही ओळखणारी बाई. तिला दुसरं काय नाव ठेवायचं? तुझ्या सासूबाई केवढ्या भडकल्या होत्या! मी मिरची. हो, तीच. तिखटपणा अजून तेवढाच आहे, फक्त दोन जिने चढले की धाप लागते.

तुझा पत्ता बातमीने दिला. वॉर्डातल्या सगळ्यांची खबर ठेवायची म्हणून आपण तिला बातमी म्हणायचो, ती अजून तशीच आहे. गुडघ्यांनी संप केलाय, तोंड मात्र कामावर हजर. तीच म्हणाली, "घुबडाला फोन करू नकोस, तिच्या कानांनी राजीनामा दिलाय. पत्र लिही." तेव्हा लिहितेय. आपण भांडलो नव्हतो गं, रुसलोही नव्हतो. तू लेकाकडे राहायला गेलीस, एक पत्र राहिलं, मग दुसरं राहिलं, आणि मग इतकी वर्षं झाली की लिहायचीच लाज वाटायला लागली.

आता मुद्द्याचं. मला नात झाली. अकरा आठवडे आधीच आली बया, कुणाची वाट न बघता. किलोभर साखरेच्या पुडीएवढी आहे. आपण दोघींनी उभी हयात अशीच बाळं सांभाळली, मला वाटायचं, मी सगळं बघून बसलेय. पण परवा पेटीच्या काचेला नाक लावून उभी होते, तर तिने हात उघडला. तांदळाच्या दाण्याएवढं नख, आणि त्या नखालाही खालची पांढरी चंद्रकोर! कुणी काढली असेल गं ती, इतक्या घाईत? मी तिथेच उभी राहिले. मागून कुणीतरी "आजी, जरा बाजूला" म्हणालं तेव्हा भानावर आले.

नाकाला नळी आहे, दूधही नळीनेच. मधूनच श्वास घ्यायचा विसरते. जावई बोटीवर आहे, दोनेक महिन्यांनी येईल. लेक थकलीय, माझ्याशी फारशी बोलत नाही, पण बाळंतिणीचं असं चालायचंच. मी खंबीर आहे, माझी काळजी करू नकोस. तुला कळवावंसं वाटलं, एवढंच.

तुझी
मिरची


१९ जानेवारी

मिरचे,

पत्र आलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. तिथेच बसून वाचलं. सून विचारायला आली, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, कुणीतरी आलंय.

कानांचं खरं आहे. उजवा पूर्ण गेला, डाव्यात कधीतरी कुकरची शिट्टी येते. लोक माझ्याशी ओरडून बोलतात आणि मी मान डोलावते. निम्म्या गोष्टी ऐकण्यासारख्या नसतातच, हे म्हातारपणी कळलं.

नखाचं वाचलं. परत वाचलं. त्या नखांनी मलाही कित्येकदा असंच उभं केलं होतं, मी कुणाला बोलले नाही.

पण एक विचारते. तू चार पानं लिहिलीस. नळी लिहिलीस, काच लिहिलीस, जावयाची बोट लिहिलीस. तुझे हात त्यात कुठेच नाहीत. आपल्या वॉर्डात पेट्या कमी आणि बाळं जास्त असायची, म्हणून आपण पोरं उघड्या छातीशी धरून बसायचो, आठ आठ तास. आता तर मोठमोठी हॉस्पिटलं तेच करायला सांगतात म्हणे. मग तू नातीला घेतलंस की नाही?

खंबीर वगैरे मला सांगू नकोस. मी तुला ओळखते.

घुबड


२४ जानेवारी

घुबडा,

इतक्या वर्षांनी पत्र लिहिलं तर उलटतपासणी! वकील व्हायचं सोडून नर्स कशाला झालीस?

नाही घेतलं. इथे फक्त आईला घेऊ देतात. नियम म्हणजे नियम. आपल्या वेळची गोष्ट वेगळी होती, आपल्याकडे नुसत्या पेट्या होत्या, इथे पंधरा यंत्रं आहेत. जरा कुठे वायर हलली की मॉनिटर कोकलतो, आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मी रोज जाते, काचेबाहेर बसते. तेवढं पुरे आहे.

काल तिचं वजन थोडं उतरलं. अशा बाळांचं मधूनमधून उतरतंच, हे मला कळत नाही का? कळतं. तरी जिना उतरताना कठडा धरावा लागला. अगं, मी हजारो आयांना "होतं असं, घाबरू नका" म्हणून सांगितलं असेल. त्या बिचाऱ्या मान डोलवायच्या. आता समजतंय की त्यांनी त्यातलं अक्षरही ऐकलं नसणार.

तू मात्र लिहीत जा. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी नीट जेवले.

मिरची


२७ जानेवारी

घुबडमावशी,

नमस्कार. मी मिरचीची लेक. तुम्ही मला लहानपणी पाहिलंय, मला तुमची फक्त पांढरी चप्पल आठवते. आईच्या टेबलावरून तुमचा पत्ता घेतला. तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

मावशी, इथे आजीलाही बाळ घेऊ देतात. डॉक्टरीणबाई तर आईच्या मागे लागल्यात, तुम्ही जुन्या जाणत्या सिस्टर, तुम्ही धरा. मी सकाळी धरते, पण माझं पोट चिरलेलं आहे, दोन तासांवर बसवत नाही. आई रोज येते आणि काचेबाहेर बसते. आत बोलावलं की म्हणते, माझे हात गार आहेत. हात गार आहेत! तुम्हीच सांगा, हे कुणाला पटेल?

आणखी एक. बाळासाठी मी सातव्या महिन्यात कपडे आणले होते, टोपरी, मोजे, सगळं. हॉस्पिटलातून घरी आले तर कपाट रिकामं. आईने सगळं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलेलं. मी विचारलं, का? तर म्हणाली, "आत्ता नकोत डोळ्यांसमोर." त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नाही. मला बोलवतच नाही.

तिने जन्मभर हेच काम केलं. कुठलं बाळ राहणार आणि कुठलं जाणार, ते तिला कळत असणार. तिने माझ्या मुलीची आशा सोडली आहे, आणि मला सांगायचा धीर होत नाही म्हणून ती काचेबाहेर बसते. असंच आहे ना? तुम्ही खरं सांगा. मला खोटा दिलासा नको.

तुमची भाची


१ फेब्रुवारी

बाळ,

असं नाही. आधी हे वाच, मग दोन घोट पाणी पी, आणि पुढचं वाच.

कपड्यांचं सांगते. आमच्या वॉर्डात एक खूळ होतं. बाळ घरी जायच्या दिवसापर्यंत त्याचा कपडा कुणी बघायचा नाही. कुणा आईने आणला तर आम्ही तो गाठोड्यात बांधून उंचावर ठेवायचो. कुणी सुरू केलं ठाऊक नाही. सायन्स शिकलेल्या पोरी आम्ही, पण एकीचीही मोडायची छाती झाली नाही. आणि ऐक: ज्या बाळाची आशा नसायची त्याचे कपडे आम्ही कधीच बांधले नाहीत. ते राहू द्यायचो, आईचा हात त्यांवरून फिरावा म्हणून. बांधायचो ते जगणाऱ्यांचे. तुझ्या आईने ते गाठोडं माळ्यावर टाकलं ते तुझी मुलगी घरी येणार म्हणून. हे तुला सांगायला हवं होतं, ते तिच्या डोक्यातही आलं नसेल. तिच्या लेखी ते सगळ्या जगाला माहीत आहे.

आता हातांचं. तुझ्या आईच्या हातांत मी अशी बाळं पाहिलीत की ज्यांची डॉक्टरांनीसुद्धा आशा सोडली होती. तिचे हात कधी थरथरले नाहीत. का, ते मला आज तुझं पत्र वाचताना कळलं. ती सगळी परक्यांची होती गं. जीव लावायचो, पण संध्याकाळी घरी जाता यायचं. हे पोर तिचं आहे. याच्यापासून ती कुठल्या घरी जाईल?

ती घाबरली आहे, बाळ. बाकी काही नाही. घाबरलेल्या माणसाला रागावून काही होत नाही, हे मी तिच्याचकडून शिकले.

मी येते. दोन गाड्या बदलाव्या लागतात, ऐकू येत नाही म्हणून लेक नको म्हणतोय. मी त्याचंही ऐकलेलं नाही.

घुबडमावशी


११ फेब्रुवारी

बातमे,

तुझे उपकार कसे फेडू? तू पत्ता दिलास आणि आख्खं घुबड माझ्या दारात उभं राहिलं! हातात पिशवी, पायांत तीच पांढरी चप्पल. नवी आहे, पण तसलीच. मी दार उघडलं आणि रडायला लागले. ती म्हणाली, "ओरडून रड, मला ऐकू येत नाही." मग दोघी हसत सुटलो, दारातच. शेजारीण बघायला बाहेर आली.

मला लेकीने सगळं सांगितलं, गाठोड्याचं. मी कपाळावर हात मारून घेतला. अगं, मला वाटलं तिला कळेल! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आता ती बोलते माझ्याशी, पण जरा जपून. आणि बिचारीला लगेच ताप भरला, खोकला. खोकला पूर्ण थांबेपर्यंत वॉर्डात यायला बंदी. म्हणजे बाळाला धरणार कोण?

घुबड. तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मी मोठी मावशी. त्यांनी तपासलं, हात धुवायला लावले, गाऊन दिला, आणि नात तिच्या छातीवर ठेवली. मी काचेबाहेर.

आता ऐक हं, हे मला कुणाला तरी सांगायलाच हवं. तो मॉनिटर असतो ना, तो सारखा ओरडतो. लेक धरायची तेव्हा तो ओरडला की ती दचकायची, ती दचकली की पोर दचकायचं, पोर दचकलं की तो आणखी ओरडायचा. एवढ्याशा खोलीत नुसता हलकल्लोळ. घुबडाला तो ऐकूच येत नाही! ती डोळे मिटून बसली, हाताचा पंजा पोराच्या पाठीवर. मध्येच तिने बोटाने पाठ चोळली, अगदी हळू. मी वर बघितलं, तर मॉनिटर वाजला तो त्यानंतर, आणि लगेच थांबलाही. पोराने श्वास घ्यायचं सोडलं ते तिला स्वतःच्या छातीवर कळलं होतं, यंत्राच्या आधी. ड्युटीवरची सिस्टर धावत आली होती, ती दारातच थांबली. मग पाऊल न वाजवता परत गेली.

तीन तास. त्या तीन तासांत पोराचा रंग बदलला गं, बातमे. चेहरा असा सैल झाला, जणू कुणीतरी त्याला सांगितलं की बाबा, घाई नाही. मी हे आयुष्यभर केलंय, तरी काचेला हात लावून बघतच राहिले. आपण हे करत होतो? रोज? आणि ड्युटी संपली की भाजी घेऊन घरी जात होतो?

मी अजून आत गेले नाही. घुबड एका शब्दाने विचारत नाही. तेच जास्त झोंबतं.

मिरची


१५ फेब्रुवारी

मिरची,

पत्र पोचलं. पाच पानं, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. म्हणजे तुझे हात उत्तम चालतात. बाहेर बसून मला पत्रं कसली लिहितेस? आत जा.

बातमी

(गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून लिहिलंय, म्हणून थोडक्यात.)


९ मार्च

माझ्या घुबडा,

तू पोचल्याचं पत्र मिळालं. लेकाने रागावून घेतलं म्हणतेस, बरं केलं. मी असते तर मीही रागावले असते. या वयात दोन गाड्या बदलून कुणी येतं का!

तुला एक सांगायचं राहिलंय. तू इथे होतीस तेव्हा चार वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. एक तर ओरडून सांगण्यासारखं नाही, आणि दुसरं म्हणजे, तुझ्या डोळ्यांत बघून माझ्याच्याने बोलवलं नसतं.

त्या मंगळवारचं आहे. मी बातमीचं ते 'आत जा' लिहिलेलं कार्ड खिशात घालून गाऊन चढवून आत आले, तुझ्या मागे उभी राहिले, आणि पुढे पाऊल टाकवेना. तुला मी आल्याचं कळलं नव्हतं. तू पोराशी बोलत होतीस. घुबडा, तुला वाटतं तू पुटपुटतेस. बाई, तू पुटपुटत नाहीस! कान गेल्यापासून तुझा आवाज किती लागतो याचा तुला पत्ता नाही. आख्ख्या वॉर्डाला ऐकू जात होतं. दुसऱ्या दोघी आया बाळं धरून बसल्या होत्या, त्या ऐकत होत्या. डॉक्टरीणबाई पेन हातात धरून ऐकत होत्या. आणि दाराशी माझी लेक, त्याच दिवशी बंदी उठलेली.

तू पोराला सांगत होतीस, "तुझी आजी काचेबाहेर बसलीय ना, ती कोण आहे माहितीय का? माझा नवरा गेला तेव्हा मी महिन्याने ड्युटीवर आले. आले, आणि वॉर्डाच्या पायरीवर बसले. आत जावेना. घरीही जावेना. लोक येऊन समजूत घालून गेले, मोठ्या सिस्टर रागावून गेल्या. मग तुझी आजी आली. तिच्या छातीशी एक पोर होतं, तुझ्याएवढंच. तिने माझ्या युनिफॉर्मची बटणं काढली, ते पोर माझ्या अंगावर ठेवलं, आणि म्हणाली, हे धर जरा, माझं जेवायचं राहिलंय. आणि निघून गेली. मी काय करणार? ते पोर उन्हात कसं ठेवायचं? उठले आणि आत गेले. बाळा, मी त्या दिवशी उठले ती अजून उठलेलीच आहे. मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहूनच गेलं."

एवढं तू बोललीस.

मला पुढचं नीट सांगता येत नाही. मी तुझ्या समोर आले आणि नेहमीचं बोलले, "मी आले, सोड." ड्युटी बदलताना बोलायचो तेच. तू ओठ वाचलेस. समोरची आल्याशिवाय उठायचं नाही, हा आपला नियम, पण समोरची आली की एक क्षणही रेंगाळायचं नाही, हाही आपलाच. तू मान डोलावलीस आणि नात माझ्या अंगावर ठेवलीस, छातीवरून छातीवर. माझे हात थरथरत होते. थरथरत होते तरी त्यांनी तिला धरलं. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं, की थरथरत्या हातांनीही धरता येतं?

लेक माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तिथेच राहिली. बोलायचं सगळं तू आधीच ओरडून टाकलं होतंस.

आता खरी गोष्ट सांगते. घुबडा, मला ते आठवत नाही. ती पायरी, ते ऊन, तू, काहीच नाही. मी किती दिवस डोकं खाजवतेय. मला वाटतं, मला खरंच भूक लागली असेल आणि तू समोर दिसलीस म्हणून पोर तुझ्याकडे दिलं असेल. मी कसली शहाणी आणि कसली दयाळू! तू ते इतकी वर्षं जपून ठेवलंस, आणि मी ते टाकून विसरून हिंडत होते. माझ्याकडे तुझं असं किती काही असेल, जे तुला ठाऊक नाही? आणि बातमीचं? विचार करायला लागले की छाती भरून येते. तुम्ही दोघी मला मिळालात, त्यासाठी मी काहीही केलं नव्हतं गं.

परवा नात घरी आली. वजन दुपटीच्या जवळ. जावई बोटीवरून आला तो तिच्याकडे बघून खाली फरशीवरच बसला, उठेचना. आत्ता दुपार आहे, लेक झोपलीय, नात माझ्या छातीवर आहे आणि मी कागद पाटीवर आडवा धरून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आणि मी सारखी त्या दुसऱ्या पोराचा विचार करतेय, जे मी तुझ्या अंगावर टाकून जेवायला गेले. जगलं असेल ना गं ते? जगलं असेल तर आज चाळिशीचं असेल. कुठेतरी चहा पीत असेल, किल्ल्या शोधत असेल, बायकोवर नाही तर नवऱ्यावर खेकसत असेल. किलोभराचं होतं तेव्हा त्याने एका बाईला पायरीवरून उठवलं, आणि त्या बाईने चाळीस वर्षांनी दोन गाड्या बदलून येऊन मला उठवलं, यातलं त्याला काही म्हणजे काही माहीत नाही.

हीसुद्धा आत्ता झोपलीय. हिलाही अजून काही माहीत नाही.

तुझी
मिरची